रंगाआधी आठवणी: एका मोटर ट्रॉलीचं प्रकरण

(संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी या कामात मुलाखतींची टिपणं घ्यायला होतो.)

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमागे, पत्र्याच्या शेडखाली, रेल्वेची एक मोटर ट्रॉली वर्षानुवर्षं पडून होती. चार चाकं, लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, मधोमध पाठ टेकायचा बाक, बाजूला ब्रेकचा दांडा. वेळोवेळी कुणीतरी तिला रंग फासला होता: एकदा चंदेरी, एकदा लाल, बाकाला हिरवा. इंजिनाच्या जागी नुसती पोकळी. पोरं तिच्यावर बसून डबा खायची.

ज्यांनी ही गाडी रुळावर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रूळ, स्लीपर, खडी, पूल यांची देखभाल पाहणाऱ्या इन्स्पेक्टरला आपल्या हद्दीतली लाइन स्वतः फिरून पाहावी लागते. त्यासाठी पूर्वापार साधन म्हणजे ढकल ट्रॉली. साहेब बाकावर, डोक्यावर मोठी छत्री, काठीला लाल झेंडा, आणि मागून ट्रॉलीमन रुळावरून पळत तिला ढकलणार. वेग आला की उडी मारून मागे बसायचं, वेग कमी झाला की पुन्हा उतरायचं. त्याच ट्रॉलीला इंजिन बसवलं की ती मोटर ट्रॉली. रेल्वेच्या 1976 च्या जनरल रूल्समध्ये यांतला फरक अगदी सरळ लिहिला आहे. चार माणसांना उचलून रुळाबाहेर ठेवता येते ती ट्रॉली, त्याहून जड ती लॉरी, आणि ट्रॉली स्वतःच्या मोटारीवर चालत असेल तर मोटर ट्रॉली. म्हणजे व्याख्येतच चार माणसांचे खांदे आले. पुढे या प्रकरणात हीच गोष्ट उपयोगी पडली.

दुसरी पार्श्वभूमी लाइनची. पुणे-मिरज लाइन मूळची मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेनं घातलेली. 1908 नंतर ती मद्रास अँड सदर्न मराठा (एम अँड एसएम) कंपनीकडे, 1951 पासून दक्षिण रेल्वेत, 1966 पासून दक्षिण मध्य रेल्वेत, आणि 2003 पासून मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. 1970 च्या आसपास तिचं रुंदीकरण होऊन ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मापाची, झाली. मिरजेत तर पुढे बराच काळ तिन्ही मापांचे रूळ नांदत होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे 1990 च्या दशकापर्यंत मीटर गेज, आणि पंढरपूरकडे 1927 साली मिरजेला पोचलेली बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. त्यामुळे मिरजेच्या जुन्या रेल्वेवाल्याला ‘तुम्ही ट्रॉलीवर होतात का’ असं विचारून भागत नाही. कुठल्या लाइनवर, हे आधी विचारावं लागतं.

प्रश्न कसा उभा राहिला

संस्थेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला होता. व्यवस्थापनातल्या एकाला कल्पना सुचली की ही ट्रॉली रंगवून, चौथऱ्यावर चढवून प्रवेशद्वाराशी ठेवावी. फलकाचा मजकूरही तयार झाला होता: ‘ब्रिटिशकालीन मोटर ट्रॉली’. जुना रंग आणि गंज काढायला सँडब्लास्टिंगवाला कॉम्प्रेसर घेऊन आवारात आलाही.

त्याला थांबवलं ते वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरनं. त्याचे वडील कराडकडच्या भागात कीमन, म्हणजे रोज पायी रूळ तपासणारे कर्मचारी, होते; त्याचं लहानपण गँगचाळीत, रूळदुरुस्तीच्या कामगारांच्या वस्तीत गेलेलं. त्याचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. रंगाखाली काही नंबर किंवा अक्षरं असतील तर ती एका तासात उडून जातील. आणि ही ब्रिटिशकालीन आहे हे सांगितलं कुणी?

सांगितलं होतं एका निवृत्त पीडब्ल्यूआयनी, म्हणजे परमनंट वे इन्स्पेक्टरनी. त्यांना आपण साहेब म्हणू. मूळचे धारवाडकडचे, नोकरीचा मोठा भाग मिरज आणि आसपास, आता पंच्याहत्तरी ओलांडलेले. संस्थेत पाहुणे म्हणून आले असताना शेडमधली ट्रॉली पाहून ते म्हणाले होते, ‘‘हीच माझी पहिली ट्रॉली. एम अँड एसएमच्या काळातली.’’ एवढ्यावर फलक लिहिला गेला.

इन्स्ट्रक्टरला पंधरा दिवसांची मुदत मिळाली. व्यवस्थापनाचा सूर ‘शोधा काय ते, पण कार्यक्रम लांबणार नाही’ असा. पहिला निर्णय इथं झाला आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा तोच: कॉम्प्रेसर परत पाठवला. त्याचं आगाऊ दिलेलं भाडं बुडालं, त्यावरून कुरबुर झाली, तरी पाठवला.

कागद

सरकारी किंवा निमसरकारी संस्थेत वस्तू हरवेल पण डेडस्टॉक रजिस्टर हरवत नाही. ऐंशीच्या दशकातली नोंद सापडली: रेल्वेच्या भंगार लिलावातून घेतलेली जुनी ट्रॉली, एक नग, ‘इंजिनासह’.

या शेवटच्या शब्दानं घोळ घातला. रजिस्टरात इंजिन आहे, शेडमध्ये नाही, आणि निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी केल्याचा, कागदही नाही. लेखापरीक्षणात हा मुद्दा निघाला तर उत्तर कोण देणार? प्राचार्यांचा उत्साह अर्ध्या तासात ओसरला. ‘राहू द्या तिथंच’ हाही एक पर्याय म्हणून तेव्हा गंभीरपणे चर्चेत आला, आणि अशा कामांत तो बहुतेक वेळा जिंकतो.

लिलावाच्या पावतीचा शोध मात्र अटळ होता, कारण रेल्वेच्या मालाला स्वतंत्र कायदा आहे: 1966 चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा. रेल्वेची वाटणारी वस्तू कुणाकडे सापडली तर ती आपल्याकडे कायदेशीर मार्गानं आली हे दाखवायची पाळी त्याच्यावर येते. पावतीची कार्बन प्रत लेखा विभागाच्या गठ्ठ्यात निघाली आणि ट्रॉलीचा प्रश्न मिटला. याच कायद्यामुळे आणखी एक मोह टळला. एका हितचिंतकानं ‘आमच्या मळ्यात रुळाचे दोन तुकडे पडलेत, घेऊन जा, ट्रॉली त्यावर उभी करा’ असं सुचवलं होतं. मळ्यातल्या तुकड्यांची पावती कुणाकडे असणार? त्यांना गोड बोलून नाही म्हटलं.

ट्रॉलीच्या मूळ नोंदींसाठी रेल्वेकडे पत्र लिहायचं ठरलं तेव्हा आणखी एक पेच समोर आला. ट्रॉली वापरात होती तेव्हा ही लाइन हुबळी डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे सांगलीच्या वस्तूचा कागद, शिल्लक असेलच तर, कर्नाटकात नाहीतर सिकंदराबादला. पत्रं गेली. हे लिहीपर्यंत उत्तर नाही.

टेप

कागदाची वाट पाहत न बसता इन्स्ट्रक्टरनं मोजायला घेतलं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सोळाशे मिलिमीटरच्या आसपास भरलं. भारतीय ब्रॉडगेजच्या (1676 मिलिमीटर) चाकांचं हे अंतर 1600 असतं, मीटर गेजच्या चाकांचं 930. प्रश्न संपला. ही ट्रॉली ब्रॉडगेजची, आणि या भागात ब्रॉडगेज आली ती 1970 च्या सुमाराला. ब्रिटिश तोवर केव्हाच गेलेले.

मीटर गेजची ट्रॉली नंतर रुंद केली असेल का? हा प्रश्न रास्त होता. सांगाड्याचे आडवे बार सलग होते, जोड कुठंच दिसला नाही. आसही अखंड. तेव्हा ती शक्यता पडली.

चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आस बसते त्या मधल्या भागात, फायबरसारखा एक थर होता. विद्यार्थ्यांना वाटलं झीज भरून काढायला कुणीतरी बसवलं असेल. तो इन्सुलेशनचा थर होता. स्टेशनाच्या आसपास रुळांतून ट्रॅक सर्किटचा बारीक विद्युतप्रवाह फिरत असतो. गाडीची चाकं आणि आस दोन रूळ जोडतात, प्रवाह वळतो आणि ‘इथं गाडी आहे’ हे सिग्नलला कळतं. ट्रॉली सारखी चढवली-उतरवली जाते, तिनं दर वेळी सिग्नल बिघडवू नयेत म्हणून तिची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेली असतात. याचा उलटा अर्थ असा की सिग्नलच्या लेखी ट्रॉली नसतेच. रुळावर पाच माणसं बसलेली असतात आणि यंत्रणेला त्यांचा पत्ता नसतो. ट्रॉलीमनच्या आठवणी ऐकताना ही एक गोष्ट माहीत असेल तर त्या वेगळ्या ऐकू येतात.

कुणाला विचारायचं

पहिली बैठक नेहमीच्या पद्धतीनं झाली. कॉन्फरन्स रूम, चहा, टेबलावर मोबाइल रेकॉर्डर, आणि एकत्र बोलावलेले चौघे निवृत्त. साहेब, मिरजेचे चाचा, जे ट्रॉलीमनपासून मोटर ट्रॉलीचे ड्रायव्हर झाले, कराडकडचे आबा, जन्मभर ढकल ट्रॉलीवर, आणि एक गेटमन.

तासभर साहेब बोलले, आणि छान बोलले. लाइन क्लिअरचा, म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंत लाइन मोकळी असल्याची परवानगी घेण्याचा, शिष्टाचार, मोटर ट्रॉलीचं परमिट, हॉट वेदर पेट्रोलिंगमध्ये दुपारी रूळ कसे फुगतात, आदर्की-साल्पे घाटात उतरताना काय काळजी घ्यायची. बाकीच्या तिघांना विचारलं की एकच उत्तर: ‘‘साहेब म्हणत्यात तसंच.’’ चाचांनी तर रेकॉर्डर समोर सरकवल्यावर हात जोडले. निवृत्त होऊन वर्षं उलटली तरी साहेब खुर्चीत आणि आपण बाकड्यावर, ही मांडणी शिल्लक होती. त्यात आम्ही साहेबांना टेबलाच्या डोक्याशी बसवलं होतं.

टेपनं काढलेलं माप साहेबांना तिथंच सांगायचं का, यावर आधी खल झाला होता. सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर ते दुखावले असते आणि उरलेले तिघे आणखी गप्प झाले असते. ते बैठकीनंतर त्यांच्या घरी जाऊन सांगायचं ठरलं.

दुसरा मोठा निर्णय या बैठकीनंतरचा: पुढच्या मुलाखती वेगवेगळ्या, आणि चाचा व आबांच्या तरी खोलीत नकोत, ट्रॉलीपाशी.

शेडमधली दुपार

चाचा ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आले. बाकाखाली वाकले, ब्रेकचा दांडा ओढून पाहिला. मग म्हणाले, ‘‘ही ती न्हवं. साहेबांची पयली ट्रॉली छोट्या लाइनीची. तिची एक बाजू आम्ही दोघं सहज उचलायचो. ही मोठ्या लाइनीची, हिला चौघं बी पुरं पडायचे न्हाईत.’’

टेपनं जे सांगितलं तेच. फक्त चाचांनी टेप लावली नव्हती.

उचलून दाखवायची त्यांची तयारी होती. आम्ही नको म्हटलं; अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या कमरेवर प्रयोग करायचे नसतात. चार विद्यार्थी उभे केले. पहिल्यांदा ट्रॉली जागची हलली नाही, दुसऱ्यांदा एका बाजूनं कलली. मग चाचांनी सूत्रं हातात घेतली. इंजिनाच्या बाजूला उंच पोरं नकोत, बुटकी हवीत. आधी एक बाजू उचलून रुळापलीकडे टेकवायची, मग दुसरी फिरवायची. चारही चाकं एकदम उचलायला गेलात तर बोटं जातात. आवाज एकानंच द्यायचा. ‘‘गाडी दिसायला लागली की चौघं बी वरडतात. तिथं घोळ होतो.’’ तिसऱ्या खेपेला ट्रॉली उचलली गेली. इंजिन असताना ती किती जड असेल याचा अंदाज पोरांना आला आणि त्यांचे प्रश्न बदलले. तोवर ‘स्पीड किती होता’ असं विचारत होती. आता ‘पुलावर गाडी आली तर?’ असं विचारू लागली.

पुलाचं उत्तर आबांकडे होतं. मिरजेहून कोल्हापूरकडे जाताना अंकलीजवळ कृष्णेवर पूल आहे. लांब पुलांवर मधे मधे ट्रॉली बाजूला घ्यायला बाहेर काढलेला, कठड्याचा ओटा असतो, रिफ्यूज म्हणतात त्याला. आबा बदलीवर काही काळ त्या भागात होते. ‘‘पुलाआधी थांबायचं, कान द्यायचा, टायमटेबल बघायचं, मग पळायचं. पळायचं म्हंजे रुळावरनंच. खाली पाणी दिसतंय, त्याच्याकडं बघायचं न्हाई, म्होरल्या ओट्याकडं बघायचं.’’ पावसात रूळ निसरडा होतो आणि मे महिन्यात तापतो. कापडी बूट मिळायचे. ते फाटले की पुढचे मिळेपर्यंत अनवाणी. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पायाचा तळवा वर करून दाखवला आणि हसले.

आदर्कीच्या घाटाचं साहेबांनी सांगितलं होतं तेच आबांनी सांगितलं, पण मागून. साहेबांच्या आठवणीत उताराचं वळण, बोगद्याचा गारवा आणि ब्रेकवर ठेवलेला स्वतःचा हात होता. आबांच्या आठवणीत ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना येणारा जळका वास होता, आणि खाली पोचल्यावर तीच ट्रॉली परत वर ढकलायची आहे ही जाणीव. एकाच फेरीची ही दोन वर्णनं शेजारी शेजारी ठेवावीत असं माझं मत तिथंच झालं.

मोटर ट्रॉली कशी सुरू व्हायची हे चाचांनी हावभावांसह सांगितलं. किक नाही, हँडल नाही. चौघांनी धावत धक्का द्यायचा, इंजिननं पकडलं की उड्या मारायच्या. जो मागे राहिला तो पुढच्या गेटपर्यंत चालत. हिवाळ्यात सकाळी इंजिन धरायचंच नाही, मग मोटर ट्रॉली ढकलत अर्धं स्टेशन पार. ‘‘नाव मोटर ट्रॉली, आन् ढकलायची आमीच.’’

इंजिन

ते सापडलं. चाचांनी वर्णन केलेलं दोन-स्ट्रोकचं इंजिन ऐकून प्रयोगशाळेतला एक जुना सहायक म्हणाला, ‘‘आमच्या मांडणीवर बघा.’’ तिथं निळ्या-लाल रंगात कापून उघडं केलेलं इंजिन होतं, सिलिंडर आणि पोर्ट दिसावेत म्हणून. कट मॉडेल. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या त्यावर दोन-स्ट्रोकचं चक्र शिकल्या होत्या. त्याच्या बैठकीच्या चार भोकांपैकी तीन ट्रॉलीच्या पट्टीवरच्या भोकांशी जुळली. चौथं मोठं केलेलं दिसत होतं. तेव्हा ‘बहुधा हेच’ इतकंच म्हणता येतं. तेवढ्यावर लेखा विभाग सुखावला: वस्तू संस्थेतच आहे, रूप बदललं आहे.

पर्याय

आता खरी निवड करायची होती. मूळ कल्पना, म्हणजे रंगवून चौथऱ्यावर, स्वस्त आणि झटपट होती, आणि सुवर्णमहोत्सवाला फोटो चांगले आले असते. पण सांगलीचा पाऊस आणि ऊन सोसत उघड्यावर लाकडी फळ्या किती टिकणार, हे कुणी सांगत नव्हतं.

मेकॅनिकलच्या मुलांना ती चालवायची होती. दुसरं इंजिन बसवायचं, तीस-चाळीस मीटर रूळ टाकायचा, पाहुण्यांना फेरी मारायची. हा पर्याय मी मनातून लवकर सोडू शकलो नाही, कारण आवाजाशिवाय मोटर ट्रॉली अर्धीच. पण परकं इंजिन बसवायचं तर पट्टीवर नवी भोकं पाडावी लागणार, म्हणजे चाचांचं म्हणणं तपासायचा एकमेव पुरावा जाणार. शिवाय रूळ लिलावातूनच घ्यायचा, त्याचा खर्च, आणि अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. या शेवटच्या प्रश्नावर बैठकीत सगळे छताकडे बघू लागले.

तिसरा पर्याय हुबळीच्या रेल्वे संग्रहालयाला देण्याचा. 2020 साली ते सुरू झालं आहे आणि ही ट्रॉली ज्या डिव्हिजनची, तिथंच ती गेली असती. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत निर्दोष मार्ग असावा. आबांनी एक प्रश्न विचारून तो मागे पाडला: ‘‘मग आमी बघायला हुबळीला जायाचं व्हय?’’

राहिला चौथा: जशी आहे तशी, छपराखाली, फक्त स्वच्छ करून आणि गंज थोपवून, शेजारी कट इंजिन आणि आठवणींचं ध्वनिमुद्रण. दिसायला सर्वांत कमी आकर्षक. विभागप्रमुखांनी त्याला ‘काहीच न करण्याचा प्रकल्प’ म्हटलं आणि मग त्यालाच मत दिलं.

काय केलं

बाकाच्या बाजूच्या पट्टीवर तळहाताएवढ्या जागेत रंगाचे थर एकेक करून, सॉल्व्हंट आणि कापसानं उतरवले. लाल, चंदेरी, मग काळपट पिवळा, आणि त्यावर स्टेन्सिलची अक्षरं: पी.डब्ल्यू.आय., खाली एम.आर.जे. म्हणजे मिरजच. पुढचा आकडा अर्धा गेलेला. तेवढी खिडकी उघडी ठेवून बाकी रंग तसाच राखला. सँडब्लास्टिंग झालं असतं तर ही सहा अक्षरं आवारातल्या धुळीत गेली असती.

साहेबांना माप सांगायला इन्स्ट्रक्टर आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला, थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, ‘‘सोळाशे असेल तर माझी नव्हे. माझी मीटर गेजची.’’ त्यानंतर ते जास्त मोकळे झाले. कोयनेच्या भूकंपानंतर पहाटे ट्रॉली काढून पूल तपासल्याची गोष्ट त्यांनी बैठकीत ‘आम्ही’ म्हणून सांगितली होती. भूकंप 11 डिसेंबर 1967 चा आणि त्यांची नेमणूक 1968 ची. आम्ही खोडून काढलं नाही. ‘तेव्हा तुमचं पोस्टिंग कुठं होतं?’ एवढंच विचारलं. ते स्वतःच म्हणाले, ‘‘ते आमच्या आधीच्या पीडब्ल्यूआयचं. पण इतक्यांदा ऐकलंय की आपलंच वाटतं.’’

रेल्वे कॉलनीत अशी सामायिक मालकीची गोष्ट एकच नाही. शेणोलीजवळ 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची गाडी लुटली, तो प्रसंग तर निम्म्या घरांत कुणाच्या तरी वडिलांनी पाहिलेला असतो. त्यामुळे प्रत्येक मुलाखतीच्या टिपणात दोन रकाने केले, पाहिलेलं आणि ऐकलेलं. ऐकलेलं टाकून दिलं नाही, फक्त वेगळं ठेवलं.

साल विचारून काही हाती लागत नाही हेही लवकर कळलं. ‘कोणत्या वर्षी’ म्हटलं की माणूस बुचकळ्यात पडतो आणि काहीतरी सांगून मोकळा होतो. ‘मोठी लाइन झाली होती का?’, ‘थोरला कितवीत होता?’, ‘पगार हुबळीहून यायचा का?’ असं विचारलं की तारखा आपसूक जागेवर बसतात.

न छापलेली आठवण

एकानं, कोण ते सांगत नाही, एक प्रसंग सांगितला. मोटर ट्रॉली सर्वसाधारणपणे लाइन क्लिअर घेऊनच दोन स्टेशनांच्या मधे जाते. एका संध्याकाळी घाईपायी ती तशी न घेताच निघाली, आणि समोरून दिवा दिसला. ट्रॉली उतरली, माणसं वाचली, झाकपाकही झाली.

प्राचार्यांना ही गोष्ट प्रदर्शनाची नायिका वाटली. ऐकताना अंगावर काटा येतो हे खरं. सांगणाऱ्याच्या मुलीनं हरकत घेतली: बाबांची पेन्शन. इतक्या वर्षांनी त्यावर काही होईल असं आमच्यातल्या वकिलाला वाटत नव्हतं, तरी भीती कायद्याच्या मतानं जात नाही. शिवाय त्या ट्रॉलीवर आणखी माणसं होती आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. निर्णय सांगणाऱ्यावर सोडला. ते म्हणाले, ठेवा, पण मी असेपर्यंत वाजवू नका. ध्वनिफीत वेगळ्या पाकिटात, त्यांच्या सहीच्या चिठ्ठीसह, ग्रंथालयाच्या कपाटात आहे. प्राचार्य थोडे नाराज झाले.

निष्पत्ती

सुवर्णमहोत्सवात ट्रॉली प्रवेशद्वाराशी नव्हती. शेडची एक भिंत काढून ती वर्कशॉपच्या आतच मोकळी केली होती. फलकावर ‘ब्रिटिशकालीन’ गेलं. त्या जागी ‘मिरज पी.डब्ल्यू.आय.ची ब्रॉडगेज मोटर ट्रॉली, 1970 नंतरची. इंजिन: बहुधा शेजारचं’ असं आलं. ‘बहुधा’ हा शब्द फलकावर शोभत नाही असं एका विश्वस्तांचं मत पडलं. तो राहिला.

उद्‌घाटनाला साहेब बाकावर बसायला तयार होईनात. आधी चाचा बसोत, म्हणाले. चाचा बसेनात. शेवटी दोघांचा फोटो ट्रॉलीला टेकून उभ्यानं झाला. मुलाखतींच्या प्रती पेनड्राइव्हवर त्या त्या घरी पोचवल्या. दोन घरांत ती उघडायला संगणक नव्हता, तिथं नातवाच्या मोबाइलवर टाकून दिल्या.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. टेप आणि शेड आधी, कॉन्फरन्स रूम नंतर, किंवा नाहीच. पहिल्या बैठकीत मौन धरलेले गेटमन पुढे आजारी पडले आणि त्यांची स्वतंत्र मुलाखत राहून गेली. त्यांच्या नावावर आज फक्त ‘साहेब म्हणत्यात तसंच’ एवढं ध्वनिमुद्रण आहे.

त्यांच्या पत्नीला आम्ही पुढे भेटलो, तेही योगायोगानं. मावशींनी जे सांगितलं ते कुणाच्याच टिपणात नव्हतं. मोटर ट्रॉलीचा आवाज त्या चुलीपाशी बसल्या ओळखायच्या. मालगाडीचा वेगळा, पॅसेंजरचा वेगळा, आणि ही ‘फटफट करत येती’. आवाज आला की नवऱ्याची टोपी, झेंडे आणि बत्ती जागेवर. मग शेजारच्या गेटला निरोप. साहेबांची अचानक तपासणी कुठल्याच गेटवर अचानक पोचायची नाही. गँगचाळीतल्या आणि गेटवरच्या बायकांना मुलाखतींच्या पहिल्या यादीतच घ्यायला हवं होतं. इन्स्ट्रक्टरची आई त्याच चाळीत राहिलेली, आणि तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

संमतीचे कागद मुलाखतीनंतर फिरवले गेले. काय खुलं, काय बंद, हे आधी बोललं असतं तर न छापलेल्या आठवणीवरची ओढाताण कमी झाली असती. ध्वनिमुद्रणाचा दर्जाही सुधारता आला असता. शेडशेजारी लेथ चालू होता आणि आबांच्या पुलाच्या वर्णनावर त्याची घरघर आहे. दुसऱ्यांदा घ्यावी म्हटलं, तर आबांनी तीच गोष्ट निम्म्या वेळात, सपाट आवाजात सांगितली. पहिलीच ठेवली.

रंगाची खिडकी एकाच जागी उघडली, कारण वेळ नव्हता. आकड्याचा उरलेला भाग बाकाच्या दुसऱ्या बाजूलाही असेल असं चाचा म्हणतात. ते काम पुढच्या सुट्टीत घ्यायचं ठरलं आहे, आणि त्या आधी मावशींची मुलाखत.